एक शब्द, एक धागा : 'लाईन'चे अर्थ पाठ न करता कसे ओळखायचे

जानेवारीतली संध्याकाळ होती. वर्धा जिल्ह्यात आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावी समाजमंदिरात माझा इंग्रजीचा वर्ग चालतो. दहावी-बारावीची पोरं येतात, शिवाय तलाठी, वनरक्षक अशा भरतीची तयारी करणारी चार-पाच मोठी मुलं. काळ शिकवता शिकवता दिवे गेले आणि सगळी एका सुरात ओरडली, "लाईन गेली!" मी अंधारातच म्हटलं, "हेच आता इंग्रजीत सांगा." एकानं लगेच सांगितलं, "द लाईन हॅज गॉन, सर." मी विचारलं, "कोणती लाईन?" सगळे गप्प. मग बारावीतली एक पोरगी म्हणाली, "सर, लाईन म्हंजे रेघ ना? मंग करंटले लाईन कायले म्हंतेत?"

प्रश्न अगदी रास्त होता, आणि माझ्यापाशी तेव्हा धड उत्तर नव्हतं. पुढचे दोन महिने आम्ही दर शनिवारी याच एका शब्दावर बसलो. त्यातून जी रीत हाती आली ती इथे पायरीपायरीनं मांडतो आहे. शब्द 'लाईन' घेतला असला तरी 'सेट', 'रन', 'चार्ज', 'पॉइंट' अशा कुठल्याही बहुअर्थी शब्दाला ती लावता येते. मात्र सुरुवात लाईनपासूनच करा. आपल्या गावात तिचे निम्मे अर्थ लहान पोरालाही ठाऊक असतात.

पहिली पायरी : गावातल्या लाईनी वहीत उतरवा

शब्दकोश उघडायच्या आधी एक दिवस नुसतं ऐकायचं. छोटी वही खिशात ठेवा आणि सकाळपासून रात्रीपर्यंत ज्या ज्या वाक्यात 'लाईन' कानावर पडेल ते वाक्य जसंच्या तसं टिपून घ्या. अर्थ लिहू नका, फक्त वाक्य.

आमच्या पोरांनी एका दिवसात आणलेली ही काही वाक्यं : "रात्री दोनले थ्री फेज लाईन येते." "लाईन डिम हाय, मोटर उचलत नाही." "रेशनच्या दुकानात लाईन लागली." "लाईनच्या पल्याड त्याचं वावर हाय." "पोरांनो, लाईन लावा." "फोनची लाईन लागत नाही." "तो आता लाईनवर आला." "हे आपल्या लाईनचं काम नोहे." "दोन लाईनीचा अर्ज लिहून दे." "पाईपलाईन फुटली." "त्याचा मामा पोलीस लाईनीत राहते." "ऑनलाईन भर." आणि एकानं लाजत लाजत "लाईन मारणे" लिहून आणलं. तेही मी खोडू दिलं नाही, कारण इंग्रजीत त्यालाही जागा आहे. ती पुढे येईल.

"लाईनच्या पल्याड" यावर थोडं थांबतो. पुलगाव ते आर्वी ही सुमारे 35 किलोमीटरची नॅरोगेज रेल्वे इंग्रजांच्या काळात टाकली. गाडी बंद होऊन कितीतरी वर्षं झाली, तरी आमच्या भागातले लोक पत्ता सांगताना अजून लाईनच्या अल्याड-पल्याड असंच सांगतात. गाडी नसली तरी शब्द जागेवर आहे.

या पायरीचा फायदा मोठा आहे. इंग्रजीची धास्ती घेतलेलं पोरगं स्वतःच्या वहीत पाहतं की एका शब्दाचे बारा अर्थ ते रोज बोलतं आहे, तेही न गोंधळता. रेशनच्या लाईनीत उभं राहिलं म्हणून कुणाला करंट लागेल असं वाटत नाही. म्हणजे अर्थ ओळखायची अक्कल आधीपासून आहे. तीच इंग्रजीत वापरायची आहे.

दुसरी पायरी : शब्दाच्या मुळापर्यंत जा, आणि हे मूळ तर आपल्या वावरात आहे

इंग्रजी 'लाईन' आला लॅटिन 'लिनिआ'वरून. लिनिआ म्हणजे दोरा, सूत. कशाचं सूत? 'लिनम'चं. आणि लिनम म्हणजे जवस. ज्या जवसाची चटणी आपण भाकरीवर तेल घालून खातो, तेच. शास्त्रीय भाषेत जवसाचं नाव लिनम युसिटॅटिसिमम असं आहे. दुसऱ्या शब्दाचा अर्थ 'सगळ्यात जास्त उपयोगाचं'. त्याच्या खोडाच्या सालीत धागे असतात. त्या धाग्यांचं कापड म्हणजे लिनन, त्याचं बी म्हणजे लिनसीड, आणि नुसता ताणलेला धागा म्हणजे लाईन. सुतार, गवंडी आजही सरळ रेघ मारायला सूतच ताणतात. रेघेला लाईन हे नाव त्या सुतावरून मिळालं. आधी दोरा, मग रेघ.

हे सांगून पोरांना पटेना, म्हणून करून पाहिलं. फेब्रुवारीच्या शेवटी जवस काढून झाल्यावर एका वावरातून वाळल्या काड्यांची मूठ आणली. बादलीत पाणी घालून काड्या दगडाखाली दाबून आठवडाभर ठेवल्या. पाण्याला आंबूस वास सुटतो, तो सहन करावा लागतो. आठव्या दिवशी काड्या काढून उन्हात वाळवल्या, हातानं मोडल्या आणि हलके चोळल्या. आतलं लाकूड तुकडे तुकडे होऊन गळून पडलं आणि हातात राहिले बारीक, फिकट सोनेरी, चमकदार धागे. आपल्याकडचं जवस बियांसाठी पेरतात. त्याचं झाड बुटकं आणि फांद्यांचं, म्हणून धागा आखूडच निघतो. कापडासाठीचं जवस उंच वाढवतात, फांद्या फक्त शेंड्याला. तरी आमच्या त्या वीतभर धाग्यांना पीळ देऊन हातभर दोरी झाली. दोन खिळ्यांमध्ये ती ताणून बांधली आणि मी म्हटलं, "ही लाईन."

जमत असेल तर ही पायरी गाळू नका. पाठ केलेला अर्थ विसरतो, हातानं सोललेला धागा विसरत नाही.

तिसरी पायरी : धाग्याला चार प्रश्न विचारा

आता खरं काम. ताणलेल्या धाग्याकडे पाहा आणि विचार करा, या धाग्याचं काय काय करता येईल? त्यातून काहीतरी वाहू शकतं. त्यात काहीतरी ओवता येतं. त्यानं जागेचे दोन भाग पडतात. आणि तो कुठेतरी नेतो, दिशा दाखवतो. इंग्रजीत 'लाईन'चे जे ढीगभर अर्थ आहेत त्यातले जवळजवळ सगळे या चारपैकी एका घरात बसतात. नवं वाक्य आलं की अर्थ आठवत बसू नका, आधी घर शोधा.

यातून काही वाहतं का? हे आपल्या सगळ्यात ओळखीचं घर. तारेतून वीज वाहते : गावाच्या कडेनं जाते ती 11 केव्हीची लाईन. रुळांवरून गाडी जाते : 1867 मध्ये भुसावळकडून नागपूरला पोचली ती मेन लाईन, आणि तिला फुटलेल्या त्या ब्रांच लाईन. नळीतून पाणी जातं, तारेतून आवाज जातो, सलाईनच्या नळीला नर्स आयव्ही लाईन म्हणते. रक्तही असंच वाहतं, पिढ्यान् पिढ्या : ब्लडलाईन. आमच्या भागातली गवळाऊ गाय पाळणारा माणूस वळूची आई कोण, आजी कोण हे विचारतो, तेव्हा तो ब्लडलाईनच विचारत असतो. संकरित बियाण्याच्या प्लॉटवर काम करणाऱ्या बायांना नर लाईन आणि मादी लाईन हे शब्द माहीत असतात, तेही याच घरातले.

त्या पोरीच्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळालं. वीज ज्या तारेतून येते ती लाईन, म्हणून आपण तारेतल्या विजेलाच लाईन म्हणू लागलो. पुण्याकडे 'लाईट' जाते, आमच्याकडे 'लाईन' जाते. भांड्याचं नाव आतल्या वस्तूला देण्याची ही खोड सगळ्याच भाषांना आहे. आपण म्हणतो 'दोन कप पिलो', कप कोणी पीत नाही.

यात काही ओवलं आहे का? माणसं ओवली की रांग. खरेदी केंद्राबाहेर कापसाच्या गाड्या एकामागे एक लागल्या की लाईन. शब्द ओवले की कागदावरची ओळ. घरं ओवली की 'लाईन्स' : इंग्रज फौजेचे तंबू आणि बराकी ओळीनं असत, त्यावरून सिव्हिल लाईन्स, पोलीस लाईन ही नावं आली. नागपूरच्या सिव्हिल लाईन्समध्ये आता घरांची ओळ शोधून सापडणार नाही, पण नावात ती आहे. कारखान्यात जोडकामाच्या जागा ओवल्या की असेंब्ली लाईन. मोटारींसाठी फोर्डनं 1913 मध्ये सरकती असेंब्ली लाईन चालू केली. एकाच कंपनीच्या एका जातीच्या वस्तू म्हणजे प्रॉडक्ट लाईन.

याच घरात एक फार सुंदर अर्थ आहे, तो आपल्या पूर्व विदर्भातल्या लोकांना चटकन कळेल. नाटकातल्या नटाच्या तोंडची वाक्यं म्हणजे 'लाईन्स'. दिवाळीनंतर झाडीपट्टीत मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे, दिवस आले की गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या गावागावांत रात्रभर नाटकं होतात, देसाईगंज म्हणजे वडसा हे तर नाटक कंपन्यांचं माहेरघर. नट वाक्य विसरला तर इंग्रजीत म्हणतात, "ही फरगॉट हिज लाईन्स." विंगेतून प्रॉम्प्टर वाक्य पुरवतो, तेव्हा तो 'लाईन' देतो. पहिला नट थांबला की दुसऱ्याची लाईन सुरू होते, संवाद माळेसारखा ओवला जातो. आणि 'लाईन मारणे'ची जागाही इथेच : ओळख काढायला पाठ करून टाकलेलं वाक्य म्हणजे 'चॅट-अप लाईन', अमेरिकेत 'पिकअप लाईन'. पोरांनी 'हिट अ लाईन' असं भाषांतर केलं होतं. तसं काही इंग्रजीत नाही. आणि आपल्याकडे तो शब्द नजरेनं किंवा वागण्यानं त्रास देण्यापर्यंत ताणला जातो, त्याला इंग्रजीत सरळ 'हॅरॅसमेंट' म्हणतात, हेही मी वर्गात स्पष्ट सांगितलं.

यानं दोन भाग पडतात का? यासाठी मी पोरांना कबड्डीच्या मैदानावर नेलं. चुन्यानं आखलेल्या रेघा पायाखाली असल्या की हा अर्थ समजवावा लागत नाही. मधली रेघ मिड लाईन. तिच्यापासून पुरुषांच्या मैदानात 3.75 मीटरवर बॉक लाईन, म्हणजे आपली निदान रेषा, आणि तिच्या 1 मीटर पुढे बोनस लाईन. चढाईत कुणाला शिवला नसेल तर चढाई करणाऱ्यानं बॉक लाईन ओलांडलीच पाहिजे, नाही तर तो बाद. रेघेच्या या बाजूला एक गोष्ट खरी, त्या बाजूला दुसरी. हेच मोठ्या प्रमाणावर केलं की देशांच्या सीमा होतात : 1893 ची ड्युरंड लाईन, 1914 ची मॅकमोहन लाईन, 1947 ची रॅडक्लिफ लाईन, आणि 1972 च्या सिमला करारानंतरची लाईन ऑफ कंट्रोल. भरतीच्या मुलांनी ही चारही नावं आणि सालं एका पानावर लिहून ठेवावीत, सामान्य ज्ञानात उपयोगी पडतील. 'पॉव्हर्टी लाईन' म्हणजे दारिद्र्यरेषा, तीही याच घरात. 'बिलो द पॉव्हर्टी लाईन' हे रेशनकार्डामुळे गावात म्हाताऱ्यांनाही 'बीपीएल' म्हणून माहीत आहे, फक्त त्यातला 'एल' म्हणजे हीच लाईन हे कळलं की पोरं चमकतात.

'डेडलाईन' हा शब्द आपण अर्जाच्या शेवटच्या तारखेला वापरतो. तो आला कुठून ते वाईट आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात, 1864 मध्ये, जॉर्जिया राज्यातल्या अँडरसनव्हिल इथल्या तुरुंगछावणीत कुंपणाच्या आत एक रेघ ठरवलेली होती. कैद्यानं ती ओलांडली की पहारेकरी गोळी घालत. ती डेड लाईन. पुढे वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांतून तिला 'मुदत' हा अर्थ मिळाला.

'ड्रॉ द लाईन' म्हणजे इथवरच, याच्या पुढे नाही असं ठरवणं. 'क्रॉस द लाईन' म्हणजे मर्यादा सोडणं. आपणही 'त्यानं मर्यादा ओलांडली' असंच म्हणतो, त्यामुळे हा अर्थ पोरांना एकदाच सांगावा लागला.

हा कुठे नेतो? धागा एका टोकाकडून दुसऱ्याकडे बोट दाखवतो. माणूस ज्या धंद्यात पुढे जातो ती त्याची 'लाईन ऑफ वर्क'. आपलं "हे माझ्या लाईनचं काम नोहे" अगदी याच अर्थाचं आहे. विचार ज्या दिशेनं चालतो ती 'लाईन ऑफ थॉट', पक्षानं ठरवून दिलेली भूमिका 'पार्टी लाईन', कडक भूमिका घेणं म्हणजे 'टेक अ हार्ड लाईन'. क्रिकेटमध्ये चेंडूची उजवी-डावीकडची दिशा म्हणजे लाईन आणि टप्पा किती पुढे-मागे ते लेंग्थ. नागपूरजवळच्या वलनीच्या कोळसा खाणीच्या वसाहतीत वाढलेला उमेश यादव भारताकडून खेळला तेव्हा समालोचक त्याच्या लाईन आणि लेंग्थबद्दल किती बोलत असत ते आमच्या पोरांना तोंडपाठ आहे. तोच शब्द, तोच अर्थ.

या चार घरांत न बसणारा एक अर्थ उरतो, आणि तो जवसाच्या कापडाचा आहे. कोटाच्या किंवा ब्लाऊजच्या आत लिननचं कापड लावत. त्यावरून 'टू लाईन' म्हणजे अस्तर लावणं, आणि अस्तर म्हणजे 'लायनिंग'. गावातला शिंपी "लायनिंगचं कापड वेगळं आणा" म्हणतो तो हाच शब्द.

चौथी पायरी : शेजारी कोण बसला आहे ते पाहा

घर सापडलं तरी नेमका अर्थ शेजारचा शब्द ठरवतो, विशेषतः 'ऑन', 'इन', 'आउट ऑफ', 'डाउन', 'अलाँग' असे छोटे शब्द. भरतीच्या पेपरमध्ये रिकाम्या जागा याच असतात. एका पानावर मध्यभागी 'लाईन' लिहा आणि चारी बाजूंनी हे शेजारी मांडा.

'ऑन द लाईन'चे तीन अर्थ नीट वेगळे करा. "द क्लोद्स आर ऑन द लाईन" म्हणजे कपडे वलणीवर आहेत. "युअर अंकल इज ऑन द लाईन" म्हणजे मामाजी फोनवर आहेत. "माय जॉब इज ऑन द लाईन" म्हणजे माझी नोकरी धोक्यात आहे. तिन्हींत लाईन तीच, पण कपडे, मामाजी आणि नोकरी या शब्दांनी अर्थ बदलला.

'इन लाईन' म्हणजे रांगेत. मात्र इंग्लंडमध्ये रांगेला 'क्यू' म्हणतात आणि अमेरिकेत 'लाईन', म्हणून पुस्तकात दोन्ही दिसतील. 'नेक्स्ट इन लाईन' म्हणजे आता पाळी त्याची, मग ती बढती असो की गादी. त्याला 'विथ' जोडला की अर्थ एकदम सरकारी होतो : 'इन लाईन विथ द रूल्स', नियमाला धरून. 'आउट ऑफ लाईन' म्हणजे वागणं ताळतंत्र सोडून. 'डाउन द लाईन' म्हणजे पुढे कधीतरी, काही वर्षांनी. 'समथिंग अलाँग दोज लाईन्स' म्हणजे त्याच धर्तीचं काहीतरी. 'रीड बिट्वीन द लाईन्स' म्हणजे न लिहिलेलं ओळखणं. मुलीच्या सासरहून आलेल्या पत्रात 'मी मजेत आहे' वाचून आईच्या डोळ्यांत पाणी येतं, तेव्हा ती बिट्वीन द लाईन्स वाचते.

क्रियापदांत तीन सांभाळा. 'होल्ड द लाईन' म्हणजे फोन ठेवू नका, थांबा. 'ड्रॉप मी अ लाईन' म्हणजे दोन शब्द लिहून पाठव, इथे काही पाडायचं नाही. आणि 'टो द लाईन' म्हणजे शिस्तीत राहणं, वरच्याचं ऐकणं. यातला 'टो' म्हणजे पायाचं बोट, टी-ओ-ई. पुष्कळ जण टी-ओ-डब्ल्यू लिहितात, म्हणजे ओढणं. शर्यतीत रेघेला बोटं टेकवून उभी राहिलेली पोरं डोळ्यांपुढे आणा, स्पेलिंग चुकणार नाही.

'बॉटम लाईन' समजावायला मी अडत्याची पट्टी नेली होती. वर मालाची रक्कम, मग हमाली वजा, तोलाई वजा, उचल घेतली असेल तर तीही वजा, आणि सगळ्यात खाली उरलेला आकडा. शेतकरी वरचं काही पाहत नाही, त्याची नजर थेट त्या शेवटच्या ओळीवर जाते. तीच बॉटम लाईन. त्यावरून कुठल्याही बोलण्याचं सार, मुद्द्याची गोष्ट, यालाही बॉटम लाईन म्हणतात.

पाचवी पायरी : आपली लाईन तशीच इंग्रजीत नेऊ नका

पहिल्या पायरीतली वही परत उघडा. आता प्रत्येक वाक्यापुढे त्याचं खरं इंग्रजी लिहा. इथे सगळ्यात जास्त चुका होतात आणि मुलाखतीत त्याच पकडल्या जातात.

"लाईन गेली" म्हणजे "द पॉवर इज आउट" किंवा "देअर इज अ पॉवर कट". 'द लाईन इज डेड' म्हटलं तर समोरच्याला फोन बंद आहे असं वाटेल, आणि 'द लाईन इज डाउन' म्हटलं तर तार तुटून खाली पडली असं. हा फरक जिवाशी येऊ शकतो : तार वावरात पडली असेल तर फोनवर 'पॉवर कट' म्हणून चालणार नाही, तार पडली हेच सांगावं लागतं. विजेच्या तक्रारीचा क्रमांक 1912 आहे, तिथे मराठीत बोलता येतं, पण काय झालं ते नेमकं सांगा आणि तोवर तारेजवळ कुणाला, जनावरालाही, जाऊ देऊ नका.

"लाईन डिम हाय" म्हणजे "द व्होल्टेज इज लो". "तो लाईनवर आला" म्हणजे "ही हॅज फॉलन इन्टू लाईन"; 'ही केम ऑन द लाईन' म्हणाल तर तो फोनवर आला असं होईल. "मोठी लाईन होती" हे "देअर वॉज अ लाँग लाईन" किंवा "क्यू", इथे चिंता नाही. 'लाईन क्लिअर' हा मुळात रेल्वेचा शब्द : पुढच्या स्टेशनची लाईन क्लिअर मिळाल्याशिवाय स्टेशनमास्तर गाडी सोडत नाही. आपण त्यावरून कुठलाही अडथळा नसला की "लाईन क्लिअर हाय" म्हणतो. इंग्रजीत त्या अर्थी 'द कोस्ट इज क्लिअर' असं म्हणतात.

फॉर्मवरची 'ॲड्रेस लाईन 1' आणि 'ॲड्रेस लाईन 2' हीसुद्धा ओळच, शब्दांची. माझ्या एका विद्यार्थ्यानं दुसरी ओळ रिकामी सोडली आणि पहिलीत फक्त गावाचं नाव लिहिलं. त्या नावाचं गाव शेजारच्या तालुक्यातही आहे. त्याचं टपाल तिकडे गेलं आणि परत येईपर्यंत तारीख निघून गेली. म्हणून ठरवून टाका : पहिल्या ओळीत घर क्रमांक, वॉर्ड आणि ओळखीची खूण, दुसरीत मुक्काम आणि पोस्ट, मग तालुका, जिल्हा आणि पिन त्यांच्या रकान्यात. सावंगी, पिंपळगाव, वाढोणा अशा नावाच्या गावकऱ्यांनी तर तालुका कधीच गाळू नये.

सहावी पायरी : आता शब्दकोश

इतकं झाल्यावर शब्दकोश उघडा, त्याआधी नाही. शिकणाऱ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी कोश घ्या, मोबाईलवर फुकट मिळतात. 'लाईन'खाली अर्थांना आकडे दिलेले दिसतील. नाम वेगळं, क्रियापद वेगळं. सगळे वाचू नका. दर अर्थाच्या खालचं उदाहरण वाक्य तेवढं वाचा आणि पेन्सिलीनं वहीत लिहा : वाहतं, ओवलं, भाग पाडतं, की नेतं. रोज पाच, बस.

सातवी पायरी : बोलून पाहा

दोघांनी दोन खोल्यांत बसून खरा फोन लावा. एक ऑफिसवाला, दुसरा अर्जदार. "प्लीज होल्ड द लाईन." "द लाईन इज बिझी." "आय ॲम स्टिल ऑन द लाईन." पहिल्या दिवशी हसू येतं, तिसऱ्या दिवशी सवय होते. गावातल्या आशाताईंनाही बोलवा. त्यांच्याकडे गरोदर बायांची 'लाईन लिस्ट' असते, एका ओळीत एक नाव, आणि टीबीच्या औषधांना 'फर्स्ट लाईन' का म्हणतात ते त्या पुस्तकापेक्षा चांगलं सांगतात : आधी ही औषधं लढतात, ती हरली तर मागची. आघाडीची रांग.

शेवटी स्वतःची परीक्षा घ्या. खालच्या पाच वाक्यांत घर ओळखा.

"द रोड इज लाईन्ड विथ नीम ट्रीज." "देअर इज अ फाईन लाईन बिट्वीन करेज अँड फूलिशनेस." "द पोलीस आर फॉलोइंग अ न्यू लाईन ऑफ इन्क्वायरी." "द वॉटर लाईन टू द स्कूल इज ब्रोकन." "शी कम्स फ्रॉम अ लाँग लाईन ऑफ फार्मर्स."

पहिल्यात कडुलिंबाची झाडं रस्त्याकडेला ओवली आहेत. दुसऱ्यात रेघ भाग पाडते, आणि 'फाईन' म्हणजे इथे बारीक, दंड नव्हे. तिसऱ्यात दिशा आहे, चौथ्यात पाणी वाहतं. पाचव्यावर वर्गात अर्धा तास वाद झाला. निम्मे म्हणाले रक्त वाहतं, बाकीचे म्हणाले पिढ्या माळेसारख्या ओवल्या आहेत. ती बारावीतली पोरगी उठली आणि खिळ्यांमधला जवसाचा धागा बोटानं हलवून म्हणाली, "सर, मणी धाग्यातच राहतेत ना? मंग दोन्ही बरोबर." मी दोन्ही बाजूंना पूर्ण गुण दिले.